शेंदूर लागलेली खूण

सर, परवा हैदराबादहून येताना अणदूरच्या अलीकडं गाडी थांबवली. आपण काढलेली पाण्याची चारी अजून वाहते आहे. काठावर बसलो आणि ठरवलं, तुम्हाला लिहायचंच. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की माझी पाठ आपोआप ताठ होते.

मराठवाडा महाराष्ट्रात येऊन फार दिवस झाले नव्हते. इंजिनिअरिंगची बाकीची पोरं कॉलेजच्या मैदानात सर्व्हे करायची, नकाशा काढायची आणि मार्क घेऊन मोकळी व्हायची. आम्हाला तुम्ही या वस्तीवर आणलंत. बंधाऱ्याचं पाणी डोंगराच्या कडेनं वस्तीच्या शेतांपर्यंत न्यायचं होतं. "नकाशाला मार्क मी देणार नाही, पाणी देईल," तुम्ही म्हणालात. आम्हाला वाटलं, सरांची एक लहर.

दुर्बीण लावून उंच-सखल मोजत आम्ही निम्म्या वाटेवर आलो, तिथल्या एका दगडावर तांबड्या रंगाची खूण केली आणि त्याची उंची लिहून ठेवली. दिवाळीची सुट्टी संपवून परतलो, खूण दिसली, तेवढी आम्हाला पुरे होती. पुढचं मोजमाप तिथूनच सुरू केलं. सुगी आटोपल्यावर गावानं आम्ही ठोकलेल्या खुंट्यांप्रमाणं चारी खणली, तीही तुमच्या शब्दावर. रझाकारीचे दिवस त्या गावानं भोगले होते. तुमचं मुसलमानी नाव ऐकून काही माणसं पहिल्या दिवशीच गप्प झाली होती. पाणी आलं नाही तर बोट कुणाकडं जाईल, हे आम्हा पोरांनाही कळत होतं.

पाणी सोडलं. ते ऐटीत आलं आणि नेमकं त्या दगडापाशी थांबलं. फुगलं, काठावरून सांडायला लागलं, पण पुढं जाईना.

"देवानं अडवलं," कुणीतरी म्हणालं. मागून दुसरा पुटपुटला, "कुणाच्या नादी लागलो, बघा की."

तुम्ही दगडाकडं जाता. बूट काढता, बाजूला ठेवता, उकिडवे बसता. हे मला आजही लख्ख दिसतं. आमच्या खुणेवर शेंदूर लागलेला, आणि दगड दगडमातीच्या ओट्यावर चढवलेला. शेजारच्या शेतातली म्हातारी घाबरत पुढं आली.

"म्याच बसवला जी, दिवाळीत. तांबडा देव उघड्यावर व्हता, शेळ्या शिवत व्हत्या. उचलून वर घेतला. चुकलं का?"

आमच्यातल्या एकाला हसू फुटलं. तुम्ही त्याच्याकडं नुसतं पाहिलंत आणि ओटा हातानं मोजलात. हातभर भरला. दगड जुन्याच उंचीवर आहे असं धरून आम्ही मोजत गेलो होतो, म्हणून तिथून पुढची सगळी चारी हातभर उथळ राहिली होती.

"तुमचं काही चुकलं न्हाई, आजी." मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, "देवानं पाणी अडवलं न्हाई. गलती माझी हाय. दगड हलला का, ते बघायचं काम माझं व्हतं."

आमचं नावसुद्धा घेतलं नाहीत! आम्ही गाढवं माना खाली घालून उभे. तुम्ही बाह्या सारल्यात आणि टिकाव उचललात, तेव्हा कुठं आम्ही धावलो. हाताला फोड आले, फुटले. गाव काठावर बसून बघत होतं. दुसऱ्या दिवशी तो पुटपुटणाराच फावडं घेऊन चारीत उतरला. "सरका मास्तर, तुमाला ह्ये जमायचं न्हाय," म्हणाला. त्याच्यामागं बाकीचे उतरले.

पुन्हा पाणी सोडलं. दगडापाशी जरा घुटमळलं आणि निघालं. काटक्या, पाचोळा ढकलत कोरड्या चारीतून ते चाललं होतं आणि आम्ही वेड्यासारखे त्याच्याबरोबर पळत होतो. कागदावर उतार किती वेळा काढला असेल, पण पाणी खरंच त्याचं ऐकतं हे मी त्या दिवशी पाहिलं. अंगावर काटा आला. आजही लिहिताना येतो.

आम्ही दगडापाशी परत आलो. म्हातारीनं नारळ फोडला, सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. तुम्ही दगडाच्या पलीकडं अनवाणी, चिखलानं माखून उभे होतात आणि माझ्याकडं बघून हसलात. पोरगा देवभोळा निघाला, असं वाटलं असेल तुम्हाला. माणसानं माणसापुढं वाकलेलं तुम्हाला कधीच खपलं नाही, म्हणून तेव्हा बोललो नाही. तुम्ही असतात तरी हे पत्र पाठवायची छाती झाली नसती. सर, ते हात मी देवाला जोडले नव्हते.