हिरवा दगड

मुरुड (जि. लातूर), रविवार, १४ जुलै. संध्याकाळ.

गिर्यारोहण क्लबच्या सरांचा मेसेज आला. पुढच्या चढाईच्या यादीतून माझं नाव काढलंय. वर टोमणा, ‘लातूरकडच्यांनी आधी पाऊस बघून यावं.’

घसरले, हे खरंय. गेल्या रविवारी सह्याद्रीतल्या ओल्या कड्यावर हिरवा दगड दिसला आणि मी मुद्दाम त्याच्यावरच पाय ठेवला. का? लहानपणी मी आमच्या कोरड्या विहिरीत चढायला शिकले. तिथं दगड हिरवा दिसला म्हणजे पाझर लागला, घरात आनंद. हिरवा दगड दगा देतो, हे मला कोण सांगणार होतं?

घरी आबांना सांगितलं. म्हणाले, “मग त्यात लाजायचं काय हाय?” माझ्या कमरेला दोर बांधला, धुण्याचं साबणाचं पाणी विहिरीच्या दगडांवर ओतलं. “चढ आता.”

सात वेळा घसरले. गुडघा सोलला. आठव्यांदा वर आले.

सरांना आत्ताच लिहिलं: नाव परत घाला. नाही घातलं तरी येत्या रविवारी मी कड्याखाली हजर. पाऊस मी बघितला, सर. आता उन्हाळ्यात तुम्ही आमच्या विहिरीत उतरा. दोर आबा धरतील.