परतीचं रिकामं विमान

बर दुबई,
११ फेब्रुवारी १९९९

प्रिय जैनब,

अनेक आशीर्वाद. तू ईदच्या दिवशी लिहिलेलं पत्र मिळालं. सकीना पाटीवर स्वतःचं नाव लिहायला लागली, हे वाचून बरं वाटलं. मोहिद्दीनचं बर्फाच्या कारखान्यातलं काम कसं चाललंय? तुमच्या बेटावर हल्ली ताजी भाजी मिळते का, की अजून मासळी एके मासळी?

इथे थंडी आहे अजून. मिहिकाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. ऊद मेथ्याहून शाळेची बस तिला सोडते ती उशिरा, आणि घरी आली की ती दार लावून बसते. जेवायला हाक मारली की आतून "नॉट हंगरी, आई" एवढंच. परवा मीना बाजारात गेले होते, तेव्हा सकीनाच्या फ्रॉकसाठी अबोली रंगाचं कापड घेतलं. माप जुनंच धरलंय, जरा सैल करून.

तू लिहिलंस, "कॅप्टनभाईंना सांगा, सकीना विचारते, ह्या खेपेला पण ढगातून नेणार ना?" तेवढं वाचून मी पत्र मिटून ठेवलं. उत्तराला उशीर झाला. राग मानू नकोस.

तुम्हाला आणलं तो दिवस सारखा आठवतो. हे आठवडाभर शारजाहून मालवाहू विमानं न्यायचे, आणि सुट्टीच्या दिवशी फ्लाइंग क्लबचं ते लहानसं विमान घेऊन क्लबातल्याच वलीबरोबर कुठल्या कुठल्या धावपट्टीवर उतरायचे, आजारी मुलं आणायला. मी चिडायचे. "एक शुक्रवार घरी राहिलात तर काय बिघडेल?" म्हणायचे. हे नुसते हसायचे. मग त्या दिवशी मी मुद्दाम विमानतळावर आले, बघू तरी काय करतात म्हणून. सकीनाचे ओठ जांभळे पडलेले. ती यांच्या टोपीत ओकली होती आणि हे ती टोपी सांभाळत, तिच्याशी गप्पा मारत उतरत होते. तू माझा हात धरलास तो हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडला नाहीस. त्यानंतर मी कधी चिडले नाही.

जैनब, हे गेले.

तू पत्र लिहिलंस तेव्हा होते. ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी गेले. डोंगरापलीकडच्या एका वस्तीतून एका लहान मुलाला पाठीच्या ऑपरेशनसाठी आणायचं होतं. वलीला ताप होता, म्हणून हे एकटेच गेले. आदल्या दिवशी तिथे मुक्काम केला, पहाटे निघाले. मुलाला आणि त्याच्या आजोबांना दुबईत उतरवलं, अँब्युलन्समध्ये चढवलं आणि मला फोन केला, "मनू, पोर सुखरूप पोचलं. विमान क्लबात ठेवतो आणि येतो. चहा टाक."

क्लबची धावपट्टी किनाऱ्यानं थोडी उत्तरेला. ती काय मोठी वाट आहे! पण समुद्रावरून धुकं आलं. विमान खाडीत सापडलं. हे दुसऱ्या दिवशी सापडले, तिथल्या कोळ्यांना. सगळं इथेच केलं. वलीनं खांदा दिला. तुमच्या कारखान्याच्या ऑफिसात फोन करावा असं कितीदा मनात आलं, पण मोहिद्दीनला चारचौघांत उभं करून काय सांगायचं, म्हणून राहून गेलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "नशीब, मूल आत नव्हतं." मीही मान हलवायचे. खरंच आहे ते. पण मला त्या मुलाचा राग येतो गं. तो बरा होतोय असं कळलं तेव्हा आनंद झाला नाही. तुझं पत्र वाचून क्षणभर सकीनाचाही आला. तिला बिचारीला काय ठाऊक! हे तुला लिहू नये. पण मग लिहू कोणाला?

आता कामाचं. गेल्या रविवारी वली आला. क्लबातल्या बाकीच्यांनी जाणं थांबवलंय, घरचे सोडत नाहीत. खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "भाभी, सकीना की दूसरी सर्जरी की डेट आ गई है. आप मना करोगी तो खलास, मैं प्लेन को हाथ नहीं लगाऊँगा."

मी विचारलं, "बोट से लाकर आगे गाडी से?"

"डॉक्टर बोले, इतना लंबा रास्ता बच्ची नहीं झेलेगी."

मिहिका दारात उभी होती. "आई, टेल हिम नो," म्हणाली. "प्लीज. जस्ट से नो."

मी आत जाऊन गॅसवर चहा ठेवला. तो उतू गेला तरी तशीच उभी. शेवटी बाहेर आले आणि म्हटलं, "वली, जाओ. लेकिन धुंध हो तो रुकना. कोई कुछ भी बोले, रुकना."

त्याला रडू कोसळलं. मिहिका तिच्या खोलीत निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी किती बोलते ते वर लिहिलंच आहे. आणि मोठ्या मनानं हो म्हटलं असं तू समजू नकोस. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर डोळ्यांपुढे पोरीचे ते जांभळे ओठ आले, एवढंच.

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी वली येईल, इन्शाल्ला. निघण्याआधी सकीनाला फार खाऊ घालू नकोस. तिनं विचारलं तर सांग, कॅप्टनचाचा ह्या वेळी नाहीत. ऑपरेशन होईपर्यंत तेवढंच. नंतर मी सांगेन, माझ्या तोंडानं. तुमची खोली तयार आहे.

विमानतळावर मात्र मी येणार नाही. तसलं विमान उतरताना बघणं मला जमायचं नाही. अँब्युलन्स उभी असेल, तुम्ही सरळ हॉस्पिटलात जा.

आणि एक ऐक. तुम्हाला उतरवून वली रिकामं विमान क्लबात ठेवायला जाईल. तिथे पोचल्यावर त्यानं मला फोन करायचाय. तू सकीनाच्या घाईत असशील, तरी निघताना त्याला पुन्हा बजाव. तो फोन आला की मी घराला कुलूप लावून तुमच्याकडे येईन. त्याआधी माझी वाट बघू नकोस.

सकीनाला पापा. मोहिद्दीनला हे तूच सांग.

फोनजवळ बसून राहणारी,
तुझी मनोरमाताई