तूर्लाईवशेजारची जागा

मी, आस्लाउग ब्रेक्के, वय वर्षे शहात्तर, राहणार लाउव्सेत, नॉर्वे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. यापूर्वी नवऱ्यासोबत केलेले संयुक्त मृत्युपत्र, त्याच्या मृत्यूनंतर माझ्यापुरते, मी रद्द करत आहे.

१. राहते घर आणि त्यामागची लाकडाची वखार माझी एकुलती मुलगी सिग्रुन हिला द्यावी. तळघरातल्या खोलीत तिचे वडील स्कीला मेण लावत. तिथे तिने हवे तर बटाटे साठवावेत, कोंबड्या पाळाव्यात. मेण मात्र पुन्हा तिथे वितळू नये.

२. माझे दिवंगत पती तूर्लाईव ब्रेक्के यांच्या एकतीस वह्या. या कलमाला जागा जास्त लागेल.

तूर्लाईव राष्ट्रीय स्की संघाच्या मुलींच्या स्कीला मेण लावायचा. मेण त्या दिवसाच्या बर्फाला जुळले नाही तर स्की पुढे सरकत नाही. आमच्या खोऱ्यात मेण लावणारा माणूस रोज वही लिहितो: तारीख, तापमान, बर्फ कसा होता, कुणाच्या स्कीला काय लावले. बायकोशी खोटे बोलला तरी चालेल, वहीशी बोलू नये, असे त्याचे वडील म्हणत. तो वडिलांचा आज्ञाधारक मुलगा निघाला.

मी चोवीस वर्षांची असताना ऑलिंपिकसाठी निवडीची शर्यत झाली. त्याआधीच्या जागतिक स्पर्धेत मी पाचवी आले होते, तेव्हा माझी जागा सगळे धरूनच चालले होते. त्या सकाळी तापमान शून्य होते आणि ताजा बर्फ पडत होता, म्हणजे मेण निवडायला सगळ्यात अवघड हवा. बाकीच्या मुलींनी आपापल्या स्की शंभर पावले चालवून पाहिल्या. मी पाहिल्या नाहीत. स्वतःच्या नवऱ्याची परीक्षा चारचौघांत घ्यायची, हे मला कमीपणाचे वाटले. ती चूक माझी, आणि ती मी कबूल करते.

सातव्या किलोमीटरच्या चढावर माझ्या स्कीखाली बर्फाचे गोळे धरले, भाकरीचे पीठ हाताला धरते तसे. मी उभ्या जागी पाय आपटत राहिले आणि संघातलीच गुन्वोर माझ्या शेजारून वर निघून गेली. ऑलिंपिकला ती गेली.

तूर्लाईवने मला घरी आणले, दुधातला भात करून चमच्याने भरवला आणि माझ्याबरोबर रडला. "शून्याला देवही चुकतो गं," म्हणाला. आमच्याकडे सगळेच असे म्हणतात. मी त्याची समजूत काढली. तो जाईपर्यंत एकोणपन्नास वर्षे मीच त्याची समजूत काढत होते.

गेल्या शरद ऋतूत स्की क्लबचा आयविन आला. दर मार्चला तूर्लाईवच्या नावाने शर्यत होते, तिच्यासाठी काचेच्या पेटीत ठेवायला त्याला एक वही हवी होती. "काकू, एखादं चांगलं पान निवडून द्या," तो म्हणाला. मी निवडायला बसले. त्या दिवसाच्या पानावर तूर्लाईवच्या नीटनेटक्या अक्षरात लिहिले आहे: "शून्य अंश. ताजा बर्फ. गुन्वोर: डबीतले कडक मेण, योग्य. आस्लाउग: ट्यूबमधले चिकट मेण. गोळे धरणार. तिने घरी राहावे."

सबब सर्व वह्या क्लबला द्याव्यात. पेटीत हेच पान उघडे ठेवावे. क्लबला हे मान्य नसेल तर पेटीत फुलदाणी ठेवावी, वही मिळणार नाही.

३. त्या शर्यतीतल्या स्की. त्यांच्या तळाला ते चिकट मेण अजून आहे. सिग्रुनने माझ्याबरोबर त्यांनाही अग्नी द्यावा.

४. बँकेतली शिल्लक क्लबच्या मुलींच्या संघाला द्यावी, एका अटीवर: प्रत्येक मुलीने सुरुवातीआधी आपल्या स्की स्वतः चालवून पाहाव्यात. मेण सख्ख्या बापाने लावले असेल तरीही.

५. गुन्वोरला मी काही देत नाही. मला माझा चांदीचा चषक तिला द्यायचा होता, पण साक्षीदाराला वारस होता येत नाही, आणि ती साक्षीदार व्हायचेच म्हणून हटून बसली. ते पान मी तिला दाखवले तेव्हा तिने ते चष्मा लावून दोनदा वाचले. मग म्हणाली, "अगं बाई, मी ऑलिंपिकला सतरावी आले. सतरावी! तू असतीस तर..."

"गप गं. चषक घे."

"तुझं एकदा घेतलंय मी, न कळता. आता कळून नाही घ्यायची. सही कुठं करू ते सांग."

चषक सिग्रुनकडे जावा.

६. चर्चच्या आवारात तूर्लाईवच्या दगडावर माझे नाव आधीच कोरलेले आहे, फक्त वर्ष बाकी आहे. मला तिथे पुरू नये. माझी राख सातव्या किलोमीटरच्या चढाच्या वर, उघड्या माथ्यावर उधळावी. सरकारी परवानगीचे पत्र स्वयंपाकघरातल्या खणात, कात्रीखाली आहे.

सिग्रुन यावर रडली. "आई, त्यांचं तुझ्यावर प्रेम होतं गं."

"होतं ना," मी म्हटले. "नसतं तर मी तुझ्या बापाला माफ केलं असतं."

दगडावरचे माझे नाव खोडू नये. वर्षही कोरू नये. शेजारची जागा कुणाला देऊ नये. त्याला मी घरी हवी होते. बसू दे वाट बघत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या मनाप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: आस्लाउग ब्रेक्के
साक्षीदार: १) गुन्वोर मूएन, निवृत्त शिक्षिका २) हाल्डिस रुड, शेजारीण

ठिकाण: लाउव्सेत. दिनांक १४ जानेवारी २०२४, सकाळी दहा.
शून्य अंश. ताजा बर्फ. दुपारी फिरायला जाणार आहे. स्कीला मेण मी स्वतः लावले आहे, आणि स्की शंभर पावले चालवून पाहिल्या आहेत.