पिस्तूल आणि पट्टा

सुरत

दादा,
तुमच्या ल्योकाचा, बिरदेवाचा, पाया पडून नमस्कार. मी हिकडं बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. फोनवर तुमी ऐकून घेत न्हाई, म्हणून लिवतोय. शाळेत जाणाऱ्या आपल्या प्रांजलकडून शेवटपर्यंत वाचून घ्या.

राजुरीत बिबट्या पार गोठ्यापर्यंत येतोय, हे ऐकून मलाबी घोर लागलाय. पण पैरणीखाली दिसणार न्हाई असं पिस्तूल कंचं घ्यावं, हे काय विचारणं झालं? परवाना काय आठवडे बाजारात मिळतो? मी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा ऱ्हातो, ती लोकांना दिसावी म्हणून. लपवलेलं पिस्तूल बिबट्याला कसं दिसंल? तुमी मेंढरांना पाला टाकायला वाकणार, अन् तो मागनं मानंवर येणार. उशाखाली ठेवलं, तर आईला झोप लागंल का?

बिबट्यापासनं मान वाचावी म्हणून वनखात्यानं गावात वाटलेला खिळ्यांचा पट्टा तुमी खुंटीला टांगलाय म्हणं. कुत्र्याचा पट्टा माणसानं घालायचा का, असं आईला म्हणालात. अवो, आपल्या मेंढरांमागं इतकी कुत्री झाली, त्यात एकटा काळ्या म्हातारा झाला, तो गळ्यातल्या तसल्याच पट्ट्यामुळं.

तुमीबी तसंच म्हातारं व्हा.

तुमच्यावर चिडलेला,
बिरदेव