कटल्याचं डोकं आणि माझं चारित्र्य

३० मे, सकाळ
संकल्प. आजपासून साडूशी तुलना बंद. कायमची. अर्कप्रभ बेंगळुरूत असतो, असू दे. पगार मोठा, असू दे. दर जामाईषष्ठीला कृष्णनगरला सासूबाई दोन्ही जावयांना जेवायला बोलावतात आणि माशाचं डोकं, म्हणजे मानाचा घास, धाकट्याच्याच ताटात वाढतात, वाढू देत. थोरला मी! पण जाऊ दे. बर्धमानच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवतोय. माणसाने चारित्र्य कमवावं, बाकी सगळं झूट.
वहीत तक्ता आखला. समाधान, संयम, नम्रता. रोज दहापैकी मार्क.

३१ मे
समाधान १०, संयम १०, नम्रता ९. (नम्रतेत स्वतःला दहा देणं बरं दिसत नाही.)
बुलूला दाखवला. म्हणाली, स्वतःचा पेपर स्वतःच तपासताय, मग नापास कोण होणार? बायकोला साधना कळत नाही.

१ जून, दुपार
मेहुणीचा फोन. या खेपेला विमानाने येताहेत. वाटेत कोलकात्याला पद्मा नदीतली हिलसा मासळी घेणार. मी काही विचारलं नव्हतं. केवढी, एवढंच विचारलं. दीड किलो.
आपण नेहमीसारखी बर्धमानची मिठाई, मिहिदाना, नेणार. साधं.

१ जून, संध्याकाळ
तक्त्यात आणखी एक रकाना काढला. अर्कप्रभचा. तुलना नव्हे, नुसता संदर्भ म्हणून. नम्रता: ३. (विमान.)

४ जून
सहज बाजारात गेलो. कटला घेतला. साडेसहा किलो. हारू मासेवाला म्हणाला, मास्टरमोशाय, घरात लग्न काढलंत की काय? डोकं केवढं! ते कुणाला मिळेल हा विचार मनाला शिवला नाही. शिवला तेव्हा झटकला.
बुलू म्हणाली, कृष्णनगरला मासे मिळत नाहीत होय? मिळतात. पण ते मी आणलेत हे दिसणार कसं?

५ जून, सकाळ, बसमध्ये
अजून दोन तास. बर्फ वितळतोय. शेपूट पिशवीबाहेर ठेवलंय, माशाला हवा लागावी म्हणून. शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर पाणी गळलं. म्हणाला, मासा तुमचा आणि वास आमचा, हा कुठला न्याय हो? अर्धी बस हसली. मी गप्प. संयम १०.

५ जून, दुपार
सासूबाईंनी मनगटाला पिवळा दोरा बांधला, ताडाच्या पंख्याने वारा घातला. मला पाच वेळा. अर्कप्रभला सात. मोजत नव्हतो. गणिताच्या मास्तरकडून आपोआप मोजलं जातं.
मग डोकं आलं. माझ्या कटल्याचं, मी मांडीवर आणलेलं. सासूबाई माझ्यासमोरून पुढे गेल्या आणि त्याच्या ताटात वाढलं. लांबून आलंय गं पोर, म्हणाल्या. मग मी काय शेजारच्या गल्लीतून आलो? डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.
तेवढ्यात अर्कप्रभ उठला. ते डोकं उचलून माझ्या ताटात ठेवलं. म्हणाला, दादा, थोरले तुम्ही, मासा तुम्ही आणलात, मान तुमचा. दर वर्षी मला ओशाळल्यासारखं व्हायचं, बोलायचा धीर आज झाला.
सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. काय मन आहे पोराचं! सगळे त्याच्याकडेच बघत राहिले. डोकं माझ्या ताटात असून!
पहिल्याच घासाला काटा अडकला. कोरड्या भाताचे सात गोळे गिळले. पाठ त्यानेच चोळली.

५ जून, संध्याकाळ, परतीची बस
घसा दुखतोय. तक्ता प्रामाणिकपणे भरला. तो: दहा, दहा, दहा. माझा रकाना कोरा ठेवला. त्याचं विमान परवडलं असतं मला. पगारही परवडला असता. चारित्र्य तेवढं माझं होतं, त्यातही मेला पुढे गेला.
बुलूला विचारलं, खरं सांग, मनाने मोठा कोण, तो की मी?
म्हणाली, दहापैकी सांगू का?
नको म्हणालो.