मलकपेठच्या तारांतली खरखर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मलकपेठच्या त्या तारांविषयी आपण दोघी नीट कधी बोललोच नाही. तेव्हा रोज नवी खाजगी कंपनी निघत होती, आणि माझी कंपनी आपल्याच कॉलनीत विजेच्या तारांतून इंटरनेट देऊन पाहत होती. वेगळी केबल नको, टेलिफोनची लाइन नको. प्लग लावला की झालं. मला तो चमत्कार वाटायचा. तू टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली, हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या बिनतारी सेटवरून दूरच्यांशी बोलायचं, लायसन्स असलेली कॉलनीतली एकटीच बाई. रोज सकाळी सातला स्वयंपाकघरातल्या तुझ्या सेटवरून किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांशी बोलायचीस. वादळात तिकडचे फोन बंद पडले की त्यांच्या गावाची खबर तुझ्याकडेच यायची.

आमच्या इंटरनेटची पेटी विजेच्या खांबावर बसली त्याच आठवड्यात तू हेडफोन माझ्या कानाला लावलास. तापल्या तेलात पाणी पडावं तसा तडतडाट, आणि मास्तरांचा आवाज त्याच्या तळाशी कुठेतरी. "तुझ्या तारा ओरडतायत गं," तू म्हणालीस. मी डबा भरत होते. "तुझा सेट जुना झालाय, आई."

मग कंपनीने कॉलनीच्या हॉलमध्ये बैठक घेतली. सगळे एकच विचारत होते, कनेक्शन कधी मिळणार? तू उठलीस. "इंटरनेट देओ, मैं नक्को नहीं बोल री. लेकिन तूफान में उधर से कोई पुकारा और मेरे कू सुनाई नहीं दिया तो?" मागे कुणीतरी हसलं. आमचे साहेब म्हणाले, "अम्मा, पहले अपना सेट किसी को दिखाओ." माझंच म्हणणं त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माझी मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सातला मी लाइनमनला खांबावरची पेटी दोन मिनिटं बंद करायला सांगून तुझ्या सेटपाशी येऊन बसते. तडतडाट एकदम थांबतो. "सिस्टर, सुन रहे आप?" मास्तर शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे. पेटी पुन्हा चालू होते, मास्तर बुडतात. तू माझ्याकडे बघत राहतेस, 'बघ, सांगत नव्हते?' असंही म्हणत नाहीस.

रिपोर्टात मी सगळं लिहिलं. "एका रहिवासी महिलेच्या घरी तपासणी केली," असं. नोकरी गेलीच असं धरून चालले होते. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तो छोड़ दो वो फ्रीक्वेन्सी." पुढच्या आठवड्यात तुमच्या रेडिओच्या लहरी वगळून पेटी चालू झाली. तू हेडफोन लावलास, डोळे मिटलेस, म्हणालीस, "हौ, आता ठीक." मी तिथेच फरशीवर बसले, इतकं हलकं वाटलं. पुढे ती योजनाच बारगळली; लोकांनी केबल घेतली, मला दुसरीकडे काम मिळालं. कुणाचं काही बिघडलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. लिहून बरं वाटलं, पण एक राहिलंय. त्या दिवशी हॉलमध्ये तू बोलायला उठलीस तेव्हा साहेबांनी वाकून मला विचारलं होतं, "ये कौन हैं?"

मी म्हणाले, "पता नहीं, सर."