दिलेल्या घरचं पाणी

आई, परवा मी आपल्या घरी जाऊन आले. आपल्या म्हटलं की बाबा लगेच आठवतात. ते असते तर चष्म्यावरून बघत म्हणाले असते, "आपलं नाई, गावाचं." समुद्रपूरचं ते घर त्यांनी खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या वसतिगृहाला देऊन टाकलं, त्याला आता उभा जन्म लोटला. तरी दर अक्षय तृतीयेला, म्हणजे ज्या दिवशी ते दिलं त्या दिवशी, तिथले लोक आपल्याकडच्या कुणाला तरी बोलावून शाल-नारळ देतात. बाबांनंतर दादा जायचा. यंदा त्याच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मला जावं लागलं. जावं लागलं असंच म्हणते, कारण हौसेनं मी कधीच गेले नसते, आणि याला कारण तू आहेस.

घर दिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आजोबांनी कापसाच्या धंद्यावर बांधलेलं ते घर, पुढे रुंद ओसरी, मागे विहीर, आणि विहिरीकडे उघडणारी तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी. बैलगाडीत सामान चढतंय, ओसरीवर गावची मंडळी जमलीत, बाबा पांढऱ्याशुभ्र धोतरात नवरदेवाच्या बापासारखे मिरवतायत. आणि तू मागे एकटी पाणी शेंदते आहेस. पितळी गुंड भरले, घागरी भरल्या, रांजण काठोकाठ भरला. आपण तर निघालो होतो, मग हे कुणासाठी, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "पोरी येतीन संध्याकाळी. आल्या आल्या त्यायले पाणी नाई लागन काय?" घर द्यायचं हे ओसरीवर ठरलं होतं. तुला ते कळलं तेव्हा तू पोळ्या लाटत होतीस. बाबांनी येऊन सांगितलं, तू हं म्हणालीस आणि तव्यावरची पोळी उलटलीस.

निघताना तुला तहान लागली. तू तांब्या बुडवायला गेलीस तर बाबांनी सगळ्यांदेखत हात आडवा धरला. "लेक देल्ली का तिच्या घरचं पाणी पेत नाईत. घर देल्लं म्हणजे लेकच देल्ली. आता या घरचं पाणी बी आपल्याले वर्ज्य." मंडळींनी माना डोलावल्या, कुणाचे तर डोळे भरून आले. मलाही बाबांचा अभिमान वाटला. एवढं मोठं बोलणारा माणूस आपला बाप आहे, याचंच मला अप्रूप. तू तांब्या पालथा घातलास आणि गाडीत येऊन बसलीस.

आपण ज्या भाड्याच्या खोल्यांत गेलो, तिथलं पाणी खारं होतं. डाळ शिजायची नाही, चहा फाटल्यासारखा दिसायचा. आपली विहीर दोन गल्ल्या पलीकडे, तिचं पाणी सगळ्या गावात गोड, पण आपल्याला बंद. बाबांचं बरं होतं. ते दिवसभर बाहेर, लोकांच्या घरी ताक-सरबत पिऊन यायचे. त्या खाऱ्या पाण्याशी संसार तू केलास.

आणि दरवर्षीचा तो सत्कार. परीक्षा आटोपलेल्या मुली त्या दिवसासाठी थांबायच्या. बाहेर रखरखीत ऊन, आत चिंचवणीचे आणि पन्ह्याचे पेले फिरतायत, लोक पुण्य म्हणून पाण्याचे माठ दान करतायत, आणि तू खुर्चीवर ताठ बसली आहेस. मांडीवर फिरकीचा तांब्या. प्रवासाला न्यावा तसा तू तो दोन गल्ल्यांपलीकडे, स्वतःच्या घरी न्यायचीस, आणि त्यात खारं पाणी असायचं. एका वर्षी तुझ्याच्यानं राहवलं नाही. आत काही करपल्याचा वास आला तशी तू उठून तडक स्वयंपाकघरात गेलीस आणि वरणाचं पातेलं उतरवलंस. तिथली स्वयंपाकीण भली बाई, तिनं तुझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "तुमी काऊन तरास घेता बाई? तुमी बसा. पाव्हण्या आहा तुमी." तू परत येऊन बसलीस. मी तुझ्या शेजारीच होते. तू पदरानं घाम पुसलास असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्याच दिवशी घरी जाताना तू बाबांना म्हणालीस, "मी काय म्हणतो, लेकीले लेकरू झालं का मंग तिच्या घरचं पाणी चालते ना? ह्या घरात तर इतक्या पोरी वाढून राह्यल्या. एखांदा घोट चालन का नाई आता?" बाबा रस्त्यात थांबून खदाखदा हसले. पुढे कित्येक वर्षं, आमची हिची बुद्धी बघा, म्हणून ते हा किस्सा आल्यागेल्याला सांगायचे. पण हो किंवा नाही, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. तू गंमत करत नव्हतीस गं. तू परवानगी मागत होतीस. हे माझ्या डोक्यात शिरायला मला स्वतःला म्हातारं व्हावं लागलं.

तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात ती स्वयंपाकीण तुला भेटायला आली. तू तिला विचारलंस, "इहिरीचं पाणी अजून तसंच हाये काय वो?" ती म्हणाली, "तसंच हाये. आणू काय तांब्याभर?" तू बाबांकडे पाहिलंस. बाबांनी पेपर जरा वर धरला. "राहू दे," तू म्हणालीस, "घडीभरानं मंग तहान बी राहात नाई." मला बाबांचा राग येतो, आई, आणि त्यांच्यावर रागावणंही जड जातं. त्या घरातून शिकून गेलेली मुलगी मला नागपूरच्या दवाखान्यात भेटते, सलाईन लावताना आडनाव ऐकून पाया पडते. दान चांगलंच होतं. फक्त ते तुझ्या घशातून गेलं, आणि फोटो बाबांचा लागला.

परवा पाहिलं, भिंतीवर आजोबा आहेत, बाबा आहेत, दोघांना ताजे हार. मला खुर्ची दिली, शाल दिली. गिरडकडची एक मुलगी पेला घेऊन आली. "घ्या ना मॅडम, ऊन लय हाये." मग फोटोंकडे बघत तिनं विचारलं, "हे घर तुमच्या आजोबाचं होतं ना?"

"माझ्या आईचं होतं," मी म्हणाले.

तिनं भिंतीवर नजर फिरवली. "मंग त्यायचा फोटो नाई काय?"

मी पेला तोंडाला लावला. बाबांचा आडवा हात आठवला, तरी प्यायले. पण ते मशीनचं पाणी, थंडगार आणि बेचव. विहिरीचं विचारलं तर ती म्हणाली, "ते झाडाईले देतो. आमी पेत नाई." माझा चेहरा पाहून असेल, ती मला मागे घेऊन गेली. विहिरीवर लोखंडी जाळी बसवलीय. तुझी खिडकी आहे, पण तिच्यासमोर कपाट ठेवलंय. पोरीनं मोटार सुरू केली, नळी माझ्यापुढे धरली. मी ओंजळ भरून प्यायले, पुन्हा प्यायले, साडी भिजली तरी पीत राहिले. तुझ्या नावानं रडलेही थोडी, पाण्यात कुणाला दिसत नाही म्हणून.

हे सगळं तुला लिहून मी काय करणार आहे, कुणास ठाऊक. तुझा तो फिरकीचा तांब्या माझ्याकडे आहे, त्याच्याच शेजारी हे ठेवून देईन. एक मात्र सांगायचं राहिलं. मोटार बंद करून त्या पोरीनं मोठ्या आशेनं विचारलं, "तेच हाये ना पाणी? पयलेसारखं?" मी हो म्हणाले. पण आई, मला त्याची चव आठवतच नव्हती.